काळूरामाची तक्तपोशी

त्या दिवशी नवशा सुताराचे पाय जमिनीला लागत नव्हते. एकोणीसशे अडतीस सालचा वैशाख. आटगावपासून कोसभर आत काळूरामाचं नवं घर उभं राहिलं होतं, आज त्याची वास्तुशांत होती, आणि नवशाने माडीवर घातलेली सागवानी तक्तपोशी, फळ्यांची उघडी जमीन, सारा गाव पहिल्यांदा पाहणार होता. गावाचं एक वेळ जाऊ द्या. काळूरामाचे मेहुणे कमळू पाटील खास मुरबाडहून यायचे होते. त्यांचंही माडीचं घर उठत होतं. हे काम त्यांच्या मनात भरलं, तर मुरबाडची माडी नवशाची. नाही भरलं, तर नवशा परत कसाऱ्याला, दुसऱ्याच्या फळ्या खांद्यावरून वाहायला.

कसाऱ्याला रेल्वेच्या साहेबाच्या बंगल्यात त्याने दोन वर्षं तेच केलं होतं. तिथेच त्याने ती लाकडी जमीन पाहिली आणि वेडा झाला. रंध्याने तासलेल्या, काचकागदाने घासलेल्या, तेल पाजलेल्या नुसत्या उघड्या फळ्या. साहेब त्यावर बूट घालून चालायचा, याचं नवशालाच वाईट वाटे. आपल्याकडे माडीवर फळ्या ठोकल्या, की वर मातीचा थर आणि शेणाचं सारवण. लाकडाचं तोंड म्हणून कुणाला दिसायचं नाही. नवशा काळूरामाच्या मागे हात धुऊन लागला, की माती नको. काळूरामाला पटलं असं नव्हे, पण कानाशी चाललेली भुणभुण तरी थांबेल म्हणून त्याने हो म्हटलं. गावाने मात्र मनसोक्त थट्टा केली. "उघड्या फळ्या? मंग माडी कशाला म्हनता, ओढ्यावरचा साकव म्हना."

नवशा सगळ्यांना पुरून उरला. एका फळीच्या काठाला खाच, दुसरीच्या काठाला जीभ, अशी फळी फळीत बसवत त्याने दोन महिने घाम गाळला. आणि आज तो पळत पळत अंगणात शिरला, तेव्हा कमळू पाटील बैलगाडीतून उतरतच होते.

"तूच का रे तो साकववाला?" पाटलांनी विचारलं. मुरबाडपर्यंत कीर्ती पोचली होती.

"मीच. चला पाटील, वर चला. आधी बघा, मंग हसा." नवशा दोन-दोन पायऱ्या एका दमात चढला, आणि शेवटच्या पायरीवर खिळल्यासारखा उभा राहिला.

तक्तपोशी नव्हतीच. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत हिरवंगार, ओलं, ताजं सारवण होतं, त्यावर पंख्यासारख्या बोटांच्या सुरेख रेघा. मधोमध काळूरामाची बायको काशी कोपरापर्यंत शेणाने माखलेले हात घेऊन उभी होती. सारवणात तिचा हात धरणारी बाई पंचक्रोशीत नव्हती.

"आलास? बघ कशी कळा आली तुझ्या लाकडाला," ती कौतुकाने म्हणाली. "भटजी येनार, देव मांडनार. बिनसारवल्या भुईवर पूजा करतात का कुठं? पहाटेपासून लागले होते."

नवशाला रडू फुटायचंच बाकी होतं. पण मागे पाटील होते, त्यांच्या मागे जिन्यावर अख्खा गाव होता. त्याने डोक्याचं मुंडासं सोडलं, काशीच्या पाण्याच्या हंड्यात बुडवलं, गुडघ्यांवर बसला आणि पुसू लागला.

पहिल्याच हाताला शेणाखालून फळी उघडी झाली. तिच्यावर डाग नाही, ओल नाही. तेल प्यालेलं सागवान तसंच्या तसं पिवळंधमक चमकत होतं. त्याने दुसरी फळी पुसली, तिसरी पुसली. जिन्यावरून कुणीतरी म्हणालं, "आरं, शेन धरतच नाय." मग बायकांनी पदर खोचले, जनीने फडकं घेतलं, ताराबाईने पाण्याची कळशी वर दिली, आणि जी ती सरसावली. साकव म्हणून हसणारेही रांगत रांगत फळ्या पुसत होते आणि एकमेकांना दाखवत होते. माडीवर नुसती धमाल उडाली. स्वतःच्या डोळ्यांदेखत आपलं काम पुन्हा एकदा जन्माला येताना पाहायचं भाग्य किती कारागिरांना मिळतं?

खिडकीपाशी मात्र फडकं अडलं. तिथल्या दोन फळ्या काही केल्या उजळेनात. हिरवा डाग आत मुरला होता.

काळूराम बायकोवर कडाडला. "झालं तुझं समाधान? सोन्यासारख्या कामाचं वाटोळं केलंस, भावासमोर लाज घालवलीस."

काशीचा चेहरा एवढासा झाला. शेणाचे हात पाठीमागे लपवून ती खाली बघत राहिली.

नवशाला ठाऊक होतं, डाग कशाने धरला ते. सगळ्या फळ्यांना त्याने चार-चार दिवसांच्या अंतराने तीनदा तेल पाजलं होतं. ह्या दोन फळ्या शेवटच्या. तेव्हा त्याच्या अंगात वारं शिरलं होतं. शहापूरच्या बाजारापर्यंत तो घरोघर काम बघायची आमंत्रणं देत हिंडत होता. एकच हात दिला आणि हात झटकले. आता नुसतं गप्प बसलं की मुरबाड हातात होतं. त्याने काशीकडे पाहिलं आणि त्याला स्वतःचाच राग आला.

"काळूदादा, वहिनीला बोलू नका," तो म्हणाला. "चुकलं माझं. हितं तेल एकदाच दिलंय. घाई केली मी."

कमळू पाटील खिडकीशी आले, उकिडवे बसले, डागावर नख घासलं. मग शेजारची उजळ फळी तळव्याने चाचपली.

"ह्या दोन फळ्या आजच तासून काढ," पाटील म्हणाले. "आनि रविवारी मुरबाडला ये, माझी माडी घे."

मग ते बहिणीकडे वळले.

"काशे, ह्याचं काम उरकलं की तू पन ये गो. आधी तू सारव. मंग मी बघेन, शेन कुठं धरतंय ते."