मैदानातला मांडव

राज्याच्या मुलींच्या फुटबॉलचा अंतिम सामना हरसूललाच व्हावा, म्हणून धनराज मास्तर हात धुऊन संघटनेच्या मागे लागले होते. यात मिरवण्याची हौस नव्हती. त्यांच्या शाळेचा संघ अंतिम फेरीत पोहोचला होता खरा, पण द्राक्षाची कामं सुरू झाली होती आणि निम्म्या पोरी आईबापांबरोबर मजुरीला सायखेड्याकडे निघायच्या बेतात होत्या. गोलकीपर निकिताचा बाप यादव तर तोंडावर म्हणाला होता, "सामना हितं झाला तर थांबतो, गुरुजी. कोल्हापूरला झाला तर नाय. मुकादम कुणासाठी थांबत नाय."

हरसूल की कोल्हापूर, हे ठरवायला निवड समिती मैदान बघायला येणार होती. मास्तर समितीच्या लोकांना आणायला आदल्या दिवशी नाशिकला गेले. जाताना गावाला एवढंच म्हणाले, "पाहुण्यांचा मान राहिला पाहिजे." हेच बोलणं नडलं.

गाडी घाट उतरून मैदानाशी थांबली. पोरींनी दगड वेचून, पाणी मारून, चोपून सपाट केलेल्या मैदानात हा भला थोरला मांडव! आंब्याचे डहाळे, पताका, ढोल. चुकलं तरी कुणाचं म्हणायचं? पाहुण्याला सगळ्यात चांगल्या जागी बसवायचं, हे या गावाला कुणी शिकवावं लागत नाही, आणि गावातली सगळ्यात चांगली जागा मैदानच होती. वाऱ्यानं हलू नयेत म्हणून मांडवाच्या मेढी हातभर खोल रोवल्या होत्या. दोन तर थेट गोलच्या तोंडाशी.

समितीच्या प्रमुख प्रतिभाताईंनी फुलं घेतली, नागलीची भाकरी आवडीनं खाल्ली. मग एक मेढ हलवून तिच्या बुडाचा खड्डा बघत राहिल्या.

"मास्तर, मैदान फार छान केलं होतं हो तुम्ही. पण इथं पाय गेला तर पोरीचा गुडघाच जाईल."

"उद्या बुजवतो, ताई. आत्ता बुजवतो!"

"सामना पुढच्या आठवड्यात आहे. ओली माती इतक्यात कशी धरेल? कोल्हापूरचं मैदान तयार आहे. मी तेच कळवणार."

त्यांचं काही चुकत नव्हतं, आणि त्याचाच मास्तरांना जास्त संताप आला. भांडायलाही जागा उरली नव्हती.

गाडी गेली. हात मातीनं भरलेला यादव हसत पुढे आला. "समद्या मेढी मी रोवल्या, गुरुजी. पाव्हणे खूश झाले ना? निकिताच्या आईला सांगून आलो, बांधलेलं गाठोडं सोड, आपण थांबतोय."

मास्तरांना रडू कोसळेल असं वाटलं. "खूश झाले," ते कसंबसं म्हणाले.

निकितानं मात्र ताईंचं बोलणं ऐकलं होतं. तिनं गोलसमोरची मेढ उपटली आणि खड्ड्यात माती ढकलून पायांनी दाबू लागली.

यादव तिथूनच ओरडला, "अगं ए, काय करतीस? सामन्याला हाच मांडव लागंल की!"

मास्तर निकिताशेजारी खाली बसले आणि दोन्ही हातांनी माती ओढू लागले.