एक्केचाळीस होकार

बेळगावच्या शोरूममध्ये ती गाडी उतरली, तेव्हा सगळ्यांत आधी फाटकावरचा पहारेकरी हसला. "मागनं एवढी लांब? मढं न्यायची गाडी हाय काय ही?" त्यानंतर जो कोणी आला तो थोड्याफार फरकाने हेच म्हणाला. 'स्टेशन वॅगन' हा शब्द कंपनीने आपल्या पत्रकांतून कटाक्षाने वगळला होता. त्याऐवजी 'दूरच्या वाटांची कुटुंबगाडी' अशी ओळ छापली होती आणि खाली बर्फाच्या डोंगरापुढे उभे असलेले एक हसरे कुटुंब होते. बेळगावात बर्फ नव्हता. तिथल्या लोकांना उंच गाडी हवी होती, जिच्यात बसले की बाजूचा माणूस आपोआप खाली दिसतो.

सुदेशला मात्र ती आवडली होती. रामनगरहून रोज बसने येणारा हा विक्रेता शोरूममध्ये सर्वांत कमी बोलणारा होता. संध्याकाळी गर्दी ओसरली की तो तिच्या मागच्या दारापाशी उभा राही. बुटकी, लांब, आपल्याकडे कोणी पाहू नये अशा बेताने कोपऱ्यात उभी असलेली गाडी. तिच्याविषयी चार चांगले शब्द गिऱ्हाइकाला सांगावेत असे त्याला फार वाटे, आणि गिऱ्हाईक समोर आले की ते शब्द घशातच विरून जात.

अशा गाड्या कंपनी सरसकट पाठवत नसे. आधी नमुन्याची एक गाडी दोन-तीन महिने शोरूमला द्यायची, पाहणाऱ्यांकडून अर्ज भरून घ्यायचे, अशी तिची रीत होती. अर्जातला शेवटचा प्रश्न असा होता : पुढच्या सहा महिन्यांत ही गाडी घ्याल का? हे 'होय' कंपनीच्या पुण्याच्या कचेरीत मोजले जात आणि तेवढ्या मानाने शोरूमच्या नावावर गाड्या टाकल्या जात. नावावर पडलेली गाडी मग खपो वा न खपो, मालकाने उचलायचीच. सुदेशला तीस अर्ज आणायचे होते. तीन आठवड्यांत चार आले, आणि चारही 'नाही'.

"तुमच्या जंगलाकडं ने की जरा," शोरूमचे मालक वासूअण्णा म्हणाले. "लांब गाडी लांबच्या माणसांनाच लागंल." त्यांनी हे थट्टेत म्हटले होते. सुदेशने ते हुकमासारखे घेतले.

जानेवारीतल्या एका सकाळी तो नंदिगड्ड्याच्या अलीकडच्या एका वाडीत पोचला, तर रस्त्याकडेला दहा-बारा माणसे एका पोत्याभोवती चिंताक्रांत उभी होती. पोत्यावर 'कोन' जातीचा एक कंद आडवा पडला होता. पुरुषभर लांब, वेडावाकडा, मातीने माखलेला. रुक्माक्का नावाच्या म्हाताऱ्या बाईने दोन दिवस खणून तो अखंड बाहेर काढला होता आणि त्याच दिवशी जोयड्याला कंदमुळांचा मेळा होता. मोडलेला कंद तिथे स्पर्धेत मांडता येत नाही. मागच्या वर्षीचा टेम्पोत हिसके खाऊन दोन तुकडे झाला होता.

"माणसाचा पाय मोडला तर जुळतो," नागू म्हणाला. वाडीत बोलण्याचे काम प्रामुख्याने त्याच्याकडे असे. "ह्यो जुळत न्हाई. जीप आखूड, टेम्पो आडदांड. आता अक्कानं डोक्यावर घिऊन चालत जावं."

 सुदेशने मागचे दार उघडले, आसने पुढे पाडली, आणि माणूस निजेल एवढी सपाट जागा तयार झाली. पेंढा अंथरला गेला. सहा जणांनी कंद उचलला. दाराचा उंबरा कमरेइतकाच उंच असल्यामुळे तो न वाकता, न कलता आत सरकला. जोयड्यापर्यंत सुदेशने गाडी अशी चालवली की पायी जाणारी माणसेसुद्धा वळून पाहत होती. कंदाला दुसरा नंबर मिळाला.

संध्याकाळी वाडीने त्याला थांबवून घेतले, पण त्याने चहा घेतला नाही. उशीर झाल्याचे सांगितले. "मग तुला द्यायचं तरी काय तम्मा?" धाकट्या भावाला विचारावे तसे नागूने विचारले, तेव्हा सुदेशने खाली मान घालून कोऱ्या अर्जांचा गठ्ठा ओट्यावर ठेवला. "गाडी कशी वाटली ते लिहायचं असतं. तीस पाहिजेत," एवढेच बोलून तो गाडीतला पेंढा झाडायला गेला. परत आला तेव्हा एक्केचाळीस अर्ज भरून तयार होते.

पहिल्याच वळणावर त्याने ते वाचले. सगळे नागूच्याच अक्षरात, मधले बहुतेक प्रश्न कोरे, काहींवर सही, काहींवर अंगठा, आणि शेवटच्या प्रश्नापुढे एक्केचाळीस वेळा 'होय'. हे खोटे आहे हे त्याला त्याच क्षणी कळले. मागे फिरायला फार तर पाच मिनिटे लागली असती. तो तसाच बसून राहिला, मग त्याने गाडी सुरू केली, आणि दुसऱ्या दिवशी तो गठ्ठा निमूटपणे वासूअण्णांच्या टेबलावर ठेवला.

फेब्रुवारीत पुण्याहून निरोप आला. एवढा उत्साह दुसऱ्या कोणत्याच शोरूमला दिसला नव्हता. बेळगावच्या नावावर सात गाड्या पडणार होत्या. शुक्रवारी त्यावर शिक्कामोर्तब होणार होते, आणि त्याआधी कंपनीच्या सुनयना मॅडम हे नवलाचे गाव स्वतः पाहायला येत होत्या.

बुधवारी त्याच गाडीतून सुदेशच त्यांना घेऊन निघाला. रात्री झोप नव्हतीच. खानापूर मागे पडले तेव्हा सांगायचे त्याने ठरवले होते, मग रामनगर आल्यावर, मग जोयडा. पण सुनयना भरभरून बोलत होत्या.

"पाच वर्षं मी या गाडीसाठी भांडतेय. सगळे म्हणतात, आपल्याकडे कुणाला नको. आणि तुम्ही एका वाडीतून एक्केचाळीस आणलेत! काय सांगितलंत तुम्ही लोकांना?"

"काही नाही," सुदेश म्हणाला. ते अक्षरशः खरे होते, आणि म्हणूनच त्याला अधिक लाज वाटली.

वाडीत पोचताच माणसे जमली. सुनयना रुक्माक्काशेजारी ओट्यावर बसल्या. "आजी, तुम्ही 'होय' लिहिलंय. कधी घेणार मग गाडी?"

रुक्माक्काने आधी सुदेशकडे पाहिले. त्याचा चेहरा पाहून तिला काय समजायचे ते समजले असावे. ती पदर सावरून गंभीरपणे म्हणाली, "घिऊ की. पावसाच्या आदी घिऊ."

"मी तर दोन घेणार," नागू पुढे सरसावला. "एक बायकूला. ती माझ्याबरूबर बसत न्हाई."

"आनी मला पांढरी पायजे," मागून कोणीतरी म्हणाले. "काळ्या रंगावर शेण लई दिसतंय."

आयुष्यभर कोणाला फसवायची वेळ न आलेली ती माणसे त्याच्यासाठी एकामागून एक खोटे बोलत होती, आणि तेही इतक्या अडाणी मायेने, की सुदेशला ते सोसवेना. स्वतःचे खोटे त्याने महिनाभर वाहिले होते. हे त्याला क्षणभरही पेलले नाही.

"मॅडम, यांतलं काही खरं नाही," तो म्हणाला. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "कुणी गाडी घेणार नाही. मी यांचा कंद मेळ्याला नेला, म्हणून यांनी सह्या दिल्या. मला त्याच दिवशी कळलं होतं. तरी मी अर्ज पुढं पाठवले."

पांढरी गाडी मागणारा मागच्या मागे सरकला.

"आरं तम्मा," नागू कळवळून म्हणाला, "आमी एवढं दामटून न्हेत हुतो, आनी तूच चाक काढलंस की!"

सुनयना हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "का केलंत असं?" हा प्रश्न त्यांनी सुदेशला नव्हे, रुक्माक्काला विचारला.

"पोरगं लाजाळू. च्यासुदीक पिईना," ती म्हणाली. "कागूद मातूर त्यानं मागितला. मग द्यायला नको व्हय?"

सुनयना सुदेशकडे वळल्या. "शनिवारी कळलं असतं तर तुमच्याबरोबर मीही घरी बसले असते. आज कळलंय. एक पत्र लिहून अर्ज मागे घ्यायचे, एवढंच." मग त्यांचा स्वर जरा खाली आला. "तुमचे पहिले चार 'नाही' तरी खरे आहेत ना?"

"खरे आहेत."

"तेवढे राहू देत." त्या उठल्या आणि गाडीपाशी गेल्या. "आता मला दाखवा, तो कंद आत ठेवला कसा." नागूने हातवारे करून सगळे सांगितले, पेंढा किती, डोके कुठे, शेपूट कुठे. त्या ते वहीत उतरवून घेत होत्या. अर्जात अठरा प्रश्न होते, पण गाडीत काय न्यायचे आहे हे कोणी विचारलेच नव्हते, असे त्या स्वतःशीच पुटपुटल्या.

"मग ही गाडी इकडं येणारच नाही?" सुदेशने विचारले.

"कुणी मागवली तर येईल. एखादीच. पण मागणाऱ्याला खरीच हवी असेल."

त्या दिवशी तो जेवल्याशिवाय निघाला नाही.

घाट चढून गेल्यावर फोनला रेंज आली. त्याने गाडी कडेला घेतली, खाली उतरला आणि वासूअण्णांना सगळे सांगून टाकले. 

"म्हंजे सात गाड्या येत न्हाईत?"

"नाही, अण्णा."

"एकबी न्हाई?"

"एकही नाही."

पलीकडून एक लांबलचक निःश्वास आला. "आरं माझ्या देवा. निरोप आल्यापास्नं गोळी घिऊन झोपतोय मी. सात लांबड्या कुठं उभ्या करू, कुणाच्या गळ्यात बांधू? पुण्याच्या मानसांना न्हाई म्हणायला जीभ उचलंना. त्यात तुझी एक्केचाळीस मानसं! म्हटलं, पोरगं एवढं राबून आलंय, त्याच्यावर अविश्वास कसा दाखवू?"

"तुम्हाला संशय आला होता?"

"नंदिगड्ड्यात एक्केचाळीस गाड्या? तुला मी येडा वाटलो व्हय?" अण्णा आता हसत होते, आणि त्या हसण्यात रडण्याचा ओलसरपणा होता. "उद्या ये. लेखी माफी दे. मी वरडणार हाय सगळ्यांच्या म्होरं, तयारीनं ये. आनी परवापास्नं नेहमीसारखा कामाला लाग."

सुदेशने फोन खिशात ठेवला. तो रस्त्याकडेच्या दगडावर टेकला. सुनयनांनी काच खाली केली.  त्याचा चेहरा पाहून किल्लीसाठी हात पुढे केला. त्याने किल्ली दिली आणि वळसा घालून डावीकडच्या आसनावर बसला.

गाडी उतरणीला लागली. दोन्ही बाजूंच्या झाडांची पाने दुपारच्या उन्हात हलत होती. खानापूरनंतर सांगू, रामनगरनंतर सांगू, असे आता कोणतेच गाव पुढे उरले नव्हते. तो बाहेर पाहत राहिला आणि पाहता पाहता त्याला झोप लागली.