तिसऱ्या थरातले टाके

शनिवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी वाचनालयाच्या वरच्या खोलीत कंडक्टरबाईच्या घरची जुनी गोधडी उसवायला घेतली. एक कड फाटली होती. "तेवढं ठिगळ लावून आण," एवढंच तिच्या आईने सांगितलं होतं.

गोधडी मंडळात अकरा बायका. आपापलं काम टेबलावर पालथं मांडायचं, हा तिथला रिवाज. टाका मागूनच बघायचा. शिवण कडेने सुरू होते आणि गोल फिरत मधोमध संपते. दहाजणींची एका दिशेने फिरायची, कंडक्टरबाईची विरुद्ध. ती डावखुरी.

"आली आमची रिव्हर्स गाडी!" टेलरकाकू दर शनिवारी म्हणायच्या. तीही हसायची. आईचं बोलणं मात्र तिला कधी हसण्यावारी नेता आलं नव्हतं. "आपल्याकडे डावखुरं कुणी म्हणजे कुणी नाही. ही कुणावर गेली कोण जाणे!" चाळिशी उलटली, तरी ते सलायचं.

काकूंनी वरचं कापड उचललं. ते आईच्या हातचं. आत चिंध्या नव्हत्या, दुसरी अख्खी गोधडी होती.

"अगं बाई! हिच्याही पोटात आणखी एक आहे."

दुसरीही उसवली. तिसरीचं कापड कांद्याच्या पापुद्र्याएवढं पातळ झालेलं, रंग पार उडालेले. टाके मात्र तांदळाच्या कणीएवढे, एकही ओळ हललेली नाही. अकराजणी टेबलावर वाकल्या. काकू ओळीवर बोट ठेवून निघाल्या. कड, कोपरा, पुन्हा कड. दुसऱ्या फेऱ्याला त्या थबकल्या.

"इकडे ये गं. तुझा डावा हात दे."

कंडक्टरबाईचं बोट टाक्यांवरून निघालं आणि कोपऱ्यावर न चाचपडता वळलं. ओळ तिच्याच शिवणीच्या दिशेने फिरत होती.

"रिव्हर्स गाडी," काकू पुटपुटल्या. या वेळी कुणी हसलं नाही.

तिने तिथूनच फोन लावला.

"आई, सगळ्यात आतली गोधडी कुणी शिवली?"

"आतपर्यंत कशाला उसवलीस?"

"डाव्या हाताने शिवलीय ती."



"परत शिवू नका," आई म्हणाली. "मी येते."

पाच वाजता शिपाई कुलूप घेऊन आला. बायकांनी त्यालाही खुर्ची दिली. तोही गोधडीकडे बघत बसला. सव्वापाचपर्यंत घरी कुणीच गेलं नव्हतं, आणि आई अजून पोचली नव्हती.