नाल्याकडच्या मातीतली रेघ

निळी रेघ तिथंच होती... प्रथिनं वेगळी करणाऱ्या जेलच्या ओल्या, थरथरत्या कापावर मधोमध, नखानं ओढावी इतकी बारीक. छायानं काच उजेडाकडे धरली. उन्हाळाभर ती या रेघेच्या हात धुऊन मागे लागली होती.

तशी बुरशी प्रत्येक मातीत असते. गरीब बुरशी आणि तुरीला मर रोग आणणारी बुरशी दिसायला सख्ख्या बहिणी. मारणारी ओळखायची ती मुळात शिरताना सोडते त्या प्रथिनांवरून — आणि ही रेघ म्हणजे त्यातलंच एक, असं छायानं धरून ठेवलं होतं. इतर कुठल्याच मातीत ती उमटली नव्हती. उमटली फक्त देवळी गावच्या, बाबांच्या नाल्याकडच्या वावरात. म्हणून तर तिनं ठामपणे सांगितलं होतं, यंदा तिथं तूर नको.

आज सकाळी पुण्याहून तपासणीचा निकाल आला. रेघ बुरशीची नव्हतीच. केराटिन... माणसाच्या कातडीतलं प्रथिन.

माझ्याच कातडीतलं. दुसऱ्या कुणाच्या मातीला आपण उघड्या हातानं शिवलो नाही. पण बाबा दुपट्ट्यात माती बांधून घेऊन आले, समोर स्टुलावर बसले, आणि घरच्या मातीला हातमोजे घालायची लाज वाटली — ते काढून ठेवून ढेकळं बोटांनीच फोडली. म्हणजे इतके दिवस आपण रोग म्हणून पाहत होतो तो आपलाच हात... मग ती मारणारी कुठं आहे? आहे की नाहीच? फ्लास्कमध्ये त्याच मातीतून वाढवलेल्या बुरशीचे पांढरे तंतू शांत पसरले होते. मुळाची चव लागल्याशिवाय मारणारी आपली प्रथिनं सोडत नाही, गप्प बसून राहते, वर्षानुवर्षं. आणि त्या मातीतून तिला छायाची चव तर लागलीच होती. छायाला खरोखर भीती वाटली.

फोन वाजला. तिनं तो टेबलावरच स्पीकरवर लावला.

"बाई, तुहा कैलासभाऊ पेरणीले तिफण जुंपून उभा हाये," तिचे बाबा, महादेवराव म्हणाले. "त्याचं मन तुरीचंच हाये. मी म्हटलं, छायाले इचारू. एकडाव सांग, पेरू का नाई? तू म्हणशीन तसं करतो."

पेरा म्हणावं, तर कशाच्या जोरावर? नको म्हणावं, तर तेही कशाच्या...

"ऐकू येऊन राह्यलं ना, बाई?"

"थांबा, बाबा," ती म्हणाली, आणि फोन जवळ ओढायला हात पुढे केला. हातात हातमोजा होता. दुसऱ्याही हातात होता. ते कधी चढवले, ते तिला काही केल्या आठवेना.