बाजूची सीट

गुरुदत्तने खांद्यावरून पट्टे ओढून पोटावर अडकवले आणि सवयीने दोन्ही हात पुढे केले. तिथे स्टिअरिंग नव्हतं. हात हवेत राहिले. ते त्याने मांडीवर ठेवले.

"सवय जात नाही ना?" डावीकडून सलील म्हणाला. हेल्मेटमधून त्याचे फक्त डोळे दिसत होते. "आज मी चालवतोय. तू नुसतं बसायचंस."

खिडकीतून अर्धं अंग आत घालून इरफान मेकॅनिकने गुरुदत्तचे पट्टे आणखी आवळले.

"उस्ताद, टाइट है?"

"और कर."

इरफानने आवळले, लोखंडी पाइपांच्या पिंजऱ्यावर दोनदा थाप मारली आणि बाजूला झाला. सलीलने गाडी काढली.

आखातातल्या खाबुऱ्याच्या या गोल ट्रॅकवर म्हाताऱ्या ड्रायव्हरला कुणी घरी जा म्हणत नसे. डॉक्टरचा सल्ला इथे चालत नसे, बायकोचं रडणंही नाही. कुणाबद्दल कुजबुज वाढली की झैन एवढंच विचारायचा, बाजूला कोण बसणार? जमीन झैनची, खजुराच्या बागेला लागून, त्यामुळे नियमही त्याचाच. बाजूला बसणारा माणूस ड्रायव्हरनेच निवडायचा. पन्नाशी ओलांडलेला, स्वतः रेस केलेला. त्याने काही फेऱ्या बघायच्या, उतरायचं आणि झैनला एक शब्द सांगायचा. यल्ला, म्हणजे चल, नाहीतर खलास, म्हणजे संपलं. त्यावर वाद नाही. यल्ला मिळालेला त्याच दुपारी मोठ्या रेसला पहिल्या ओळीत उभा राहायचा, तो त्याचा मान. खलास मिळालेल्याने गाडीची चावी झैनच्या हातात द्यायची.

आजवर प्रत्येकाने आपला जिवलग निवडला होता. सलीलने गुरुदत्तला निवडलं. गेल्या शुक्रवारी, सगळ्यांसमोर, माइक हातात घेऊन. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय दिलदार माणूस!

दिलदार. गुरुदत्त त्या टाळ्यांत उभा होता आणि दाढेखाली दाढ दाबत होता.

पहिलं वळण सलीलने सुंदर घेतलं. ते मान्य करावंच लागेल. या माणसाला गाडी चालवता येत होती, त्याबद्दल तक्रार कधीच नव्हती. तक्रार होती ती तिसऱ्या वळणाची. नऊ वर्षांपूर्वी तिथेच सलीलने आतून घुसून गुरुदत्तच्या मागच्या चाकाला ठोकलं होतं. गाडी गरकन फिरली आणि ड्रायव्हरच्या दारावर भिंतीला जाऊन बसली. डावा पाय गुडघ्याखाली मोडला. पायाचं काही नाही, पाय जुळतो. पण चौकशीत सलीलने सांगितलं, "मी काय करू? हा मध्येच ब्रेकवर उभा राहिला. घाबरला." धडधडीत खोटं. गुरुदत्त तेव्हा सोहारच्या इस्पितळात सळया घालून पडला होता. त्याला कुणी विचारलंच नाही.

घाबरला हा शब्द मात्र जुळला नाही. तेव्हापासून पिटमधली, गाड्या दुरुस्त करणारी पोरं त्याला ब्रेकभाऊ म्हणत. तोंडावर, हसत, प्रेमाने. प्रेमाने दिलेल्या शिवीला उलटून काय म्हणायचं, हे त्याला कधी कळलं नाही.

त्याची बायको सुगंधा दर हिवाळ्यात विचारायची, "आता कधी थांबणार तुम्ही? टायरचं दुकान आहे, सोन्यासारखं चाललंय. हाडं काय भंगारात घालायचीत?" तो म्हणायचा, थांबेन. कधी, ते सांगायचा नाही. सलीलला भिंतीत घातल्यावर, हे काय बायकोला सांगायचं असतं? आणि भिंतीत घालायला आधी गाठावं लागतं. नऊ वर्षांत ते जमलं नव्हतं.

दुसऱ्या फेरीत गाडी बाहेरच्या भिंतीकडे सरकली. भिंत उजवीकडे होती, म्हणजे गुरुदत्तच्या अंगाला. आरसा सिमेंटपासून वीतभर राहिला, मग चार बोटं. सलील शांत होता. काही झालंच नाही अशा थाटात त्याने गिअर बदलला.

तिसऱ्या फेरीला आरसा भिंतीला घासला आणि तुटून गेला.

"काय वाजलं?" सलीलने विचारलं.

सरळ रस्ता लागल्यावर गुरुदत्तने आपला डावा हात उचलला आणि सलीलच्या उजव्या कानशिलाजवळ, डोळ्यापासून वीतभर अंतरावर, बोट नाचवलं. सलीलची पापणी हलली नाही. त्याने बोट पुढे नेलं, आणखी पुढे. जवळजवळ नाकासमोर आल्यावर सलीलने झटकन मान वळवली.

"काय चाळे करतोस?"

"माशी होती."

सलील हसला. त्या हसण्यात काहीतरी सैल होतं.

तिसरं वळण पुन्हा आलं. भिंत पुन्हा सरकत आली आणि गुरुदत्तचा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला. तिथे नुसता पत्रा होता. सलीलने ते मात्र पाहिलं. ते बघायला त्याने मुद्दाम मान वळवली होती.

"अजून दाबतोस होय? ब्रेक नाहीये रे तिकडे!" तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, इंजिनाच्या आवाजावरून ओरडून, "सांग की बाहेर जाऊन. नऊ वर्षं तोंडात धरून बसलायस तो शब्द. आज थुंकून टाक."

गाडी पिटमध्ये थांबली तेव्हा तिसऱ्या प्रहरची, असरची, बांग झाली होती. झैन नमाजाला गेला होता. तो आल्यावर शब्द सांगायचा. तोवर बाजूला बसलेल्या माणसाशी कुणी बोलत नसे, तीही एक रीतच.

सलीलच्या बायकोला, कल्पनावहिनींना, रीत ठाऊक नव्हती, किंवा पर्वा नव्हती. गुरुदत्त पाण्याच्या टाकीखाली मान भिजवत होता, तिथे त्या आल्या.

"भाऊजी."

"नऊ वर्षांनी भाऊजी आठवला वाटतं."

"इस्पितळात आले होते मी. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडलात." त्या थांबल्या. "ते जाऊ दे. खलास म्हणा. हात जोडते. उजव्या बाजूचं दिसत नाही त्यांना. डॉक्टरांनी रोडवरही गाडी चालवू नका म्हणून सांगितलंय. इथे येताना मीच चालवत आणली."

"मग सोडत का नाही तो? त्याला तोंड आहे."

"स्वतःहून कसं म्हणतील? तुम्ही ओळखता त्यांना." वहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं. "पण तुमचं ऐकतील. म्हणाले ना, गुरुदत्तशिवाय कुणी बसायचं नाही. निवडल्यापासून कसे शांत झालेत! आठवडाभर गाढ झोपतात. चला, गार पाणी देते. टाकीचं नका पिऊ."

त्यांच्या गाडीची डिकी उघडी होती. वहिनींनी बर्फाच्या पेटीचं झाकण काढलं आणि बाटलीसाठी एक खोका उचलून बाजूला ठेवला. खोक्याला वरून पारदर्शक कागद होता. आत केक. केकवर साखरेची निळी गाडी, सलीलच्या गाडीचा नंबर, आणि खाली मोठ्या अक्षरांत क्रीमने लिहिलेलं, "निवृत्त, नॉट आऊट".

गुरुदत्तने बाटली घेतली. प्यायला नाही.

"हा कधी सांगितला?"

"बुधवारी. त्यांनीच सांगितला." वहिनी क्षणभर गोंधळल्या. "म्हणजे, जे काय ठरेल ते ठरेल, पण सगळे जमणारच आहेत तर..."

"वहिनी, मी यल्ला म्हटलं, तर या केकचं काय करायचं?"

त्यांना तो प्रश्नच पडला नव्हता. घरात कुणालाच पडला नव्हता.

गुरुदत्त बाटली हातात धरून उभा राहिला. केक कापला जाताना त्याला दिसला. सलील माइक घेणार. मित्रांनो, मी अजून दहा वर्षं चालवली असती, पण शब्द म्हणजे शब्द, गुरुदत्तच्या मनात काय होतं ते तुम्ही जाणता, माझा राग नाही. लोक पुन्हा टाळ्या वाजवणार. डोळा गेल्याचं कुणाला कळणार नाही. घाबरल्याचं तर नाहीच. आणि जन्मभर इथे सांगितलं जाईल, की एवढा मोठा ड्रायव्हर, पण त्याला ब्रेकभाऊने सुडापोटी घरी बसवलं.

पुन्हा एकदा ठोकून वर दोष पुन्हा गुरुदत्तच्याच माथी. बाटलीचं प्लास्टिक मुठीत करकरलं.

झैन बाह्या खाली ओढत परत आला. ड्रायव्हर आपोआप गोळा झाले. सलील हेल्मेट काखेत धरून पुढे उभा राहिला. चावी त्याने आधीच काढून हातात ठेवली होती.

"गुरू," झैन त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "क्या बोलता?"

"यल्ला."

कुणीतरी शिटी वाजवली. मग सगळे सलीलकडे बघू लागले, कारण त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"नीट बघितलंस का तू?" सलीलने मराठीत विचारलं.

"बघितलं ना. फिट आहेस. माझ्यापेक्षा फिट."

"गुरुदत्त, मस्करी नको."

"मस्करी कसली? तूच निवडलंस मला." गुरुदत्तने त्याच्या मुठीकडे पाहिलं. "चावी लाव गाडीला. पहिली ओळ तुझी."

इरफानने त्याला दंडाला धरून बाजूला ओढलं.

"उस्ताद, होश में हो? शीशा टूट के मेरे पास पडा है. वो दीवार नहीं देखता."

"ते मला माहितेय. त्यालाही माहितेय."

"तो बोलो ना!"

"तो बोलेल," गुरुदत्त म्हणाला. "त्याला तोंड आहे."

गाड्या ओळीत लागल्या. पहिल्या ओळीत सलील, आणि त्याच्या उजव्या हाताला जितेश, सोहारच्या पोर्टवर काम करणारा, गेल्याच वर्षी लग्न झालेला. गुरुदत्तने ही जागा आत्ता बघितली. उजव्या हाताला कोण येणार, याचा विचार त्याने केला नव्हता. त्याने फक्त सलीलचा केला होता. नऊ वर्षं दुसऱ्या कुणाचा केलाच नव्हता.

कल्पनावहिनी धावत आल्या. धावताना त्यांची एक चप्पल मागेच राहिली होती.

"मारायचंय का तुम्हाला त्यांना?"

"खिडकीची जाळी आतून निघते, वहिनी."

"जाऊन थांबवा! झैनला सांगा!"

"त्याने सांगावं. मला घाबरला म्हणताना किती सोपं गेलं होतं त्याला. आता स्वतःला म्हणू दे."

"आणि नाही म्हणाले तर?"

गुरुदत्तने कठड्याचा पाइप धरला. उन्हाने तो तापला होता, तरी त्याने हात काढला नाही. झैन उंच पायरीवर चढला. हिरवं निशाण त्याच्या हातात गुंडाळलेलं होतं. निशाण खाली पडेपर्यंत बाजूला बसलेल्याला आपला शब्द फिरवता येतो. आजवर कुणी फिरवला नव्हता. पायरी जवळच होती, हाक मारली तरी ऐकू गेली असती.

इंजिनं तापली. आवाज छातीत घुसला. सलीलची मान सारखी उजवीकडे वळत होती, पुढे, पुन्हा उजवीकडे. पाणी पिणाऱ्या पक्ष्यासारखी.

झैनने निशाण उलगडलं. वर नेलं.

गुरुदत्तचं तोंड उघडलं होतं. त्यातून काय येणार होतं ते त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं, आणि पुढे कुणी विचारलंही नाही, कारण तेवढ्यात ओळीतलं एक इंजिन बंद पडलं. बाकीच्या गोंगाटात ती शांतता ऐकू येण्यासारखी नव्हती. तरी त्याला ती ऐकू आली.

सलीलच्या खिडकीची जाळी खाली पडली. आतून हातमोजा बाहेर आला आणि हलला. झैनने निशाण तसंच वर धरून ठेवलं. सलीलला खिडकीतून बाहेर यायला वेळ लागला. खाली उतरल्यावर तो जितेशच्या गाडीच्या टपावर हात ठेवत, चाचपत, तिला वळसा घालून पायरीपाशी आला. झैनने वाकून कान पुढे केला. मग त्याने कमरेचा माइक काढून सलीलच्या पुढे धरला. ज्या माइकवर निवड सांगितली, त्याच माइकवर बाकीचं सांगायचं, इतकं साधं होतं ते.

"खलास," सलील म्हणाला. लाउडस्पीकर खरखरला. "दिसत नाही मला." मग त्याने माइक झैनच्या हातातून घेतला. "भीती वाटते."

टाळ्या झाल्या नाहीत. कल्पनावहिनी एका चपलेनिशी ट्रॅकवर गेल्या आणि त्यांनी नवऱ्याचा उजवा दंड धरला. पिटमधल्या पोरांनी सलीलची गाडी ढकलून बाहेर काढली. तिला पार करून बाकीच्या गाड्या सुटल्या, धूळ उडाली, खजुरांवर जाऊन बसली. जाताना सलीलने गुरुदत्त कुठे आहे ते शोधलं. गुरुदत्त त्याच्या उजव्या बाजूला होता. सलीलची नजर त्याच्यावरून सरकून पुढे गेली.

याच क्षणासाठी गुरुदत्त इतकी वर्षं थांबला होता. आता काहीतरी वाटायला हवं होतं. तो वाट बघत राहिला.

इरफान त्याचं हेल्मेट घेऊन आला.

"उस्ताद, अगली रेस आपकी. चलो."

"हो."

"चलो ना. क्या हुआ?"

गुरुदत्तने खाली बघितलं. उजवा बूट वाळूत रुतला होता, पार घोट्यापर्यंत. पोटरी दगडासारखी आवळलेली. निशाण वर गेलं तेव्हापासून तो तसाच दाबत उभा होता. त्याने पाय उचलायचा प्रयत्न केला. पाय उचलला जाईना.

इरफानने पायाकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. तो हसला नाही.

"ठेव ते," गुरुदत्त म्हणाला. "गाडीत नको. टायरच्या दुकानात ठेव."