सड्यावरची बुरशी

आमच्या सड्यावर माती नावालाच, खाली सगळा जांभ्याचा कातळ. पहिल्या वर्षी लावलेली काजूची कलमं वैशाखात उभी वाळली, तेव्हा नवरा महिपत मुंबईहून फोनवर म्हणाला, "पुढच्या उन्हाळ्यात हीच गत झाली, तर घराला कुलूप लाव आणि बाबांना घेऊन इकडे ये." मला जायचं नव्हतं. मुंबईतल्या त्याच्या एका खोलीत माझा जीव घुसमटतो.

पावसात पुन्हा कलमं लावली. या वेळी कृषी कार्यालयातल्या नम्रताने मुळांशी टाकायला मायकोरायझाची पावडर दिली. म्हणाली, "ही मित्रबुरशी. मुळांना धरून वाढते. मूळ जाणार नाही अशा फटीत तिचे तंतू जातात आणि ओल आणतात."

माझे सासरे धाकू, म्हणजे आमचे बाबा. त्यांना बुरशी हा शब्दच सोसला नाही. त्यांचा जन्म पोफळींवर चढून मोरचूद-चुन्याचं बोर्डो औषध मारण्यात गेला. बुरशीने सुपारी गळते, एवढीच त्यांची तिच्याशी ओळख.

मी माहेरी जाऊन आले, तर प्रत्येक कलमाच्या बुडाशी मोरचुदाचा निळा थर.

"बाबा, हे काय केलंत?"

"तुजी बुरशी मारली. खाल्लान असता तिना कलमांना."

मी नाही नाही ते बोलले. वयाचाही मुलाहिजा ठेवला नाही. माझं बोलून झाल्यावर ते म्हणाले, "माला म्हमईत मराचा नाय गो. कलमा जगूदेत म्हनून घातला."

मग रागावताही येईना. भीती दोघांची एकच होती आणि मी ती माझ्या एकटीची समजत होते.

नम्रता म्हणाली, पावसाने मोरचूद धुऊन जाऊ दे, मग परत टाका. गणपती झाल्यावर टाकली. बाबा आले, पण पावडरीला शिवेनात. तोंड फिरवून माती तेवढी उकरून देत होते.

वैशाखात महिपत आला. काही कलमं गेली होती, खोटं कशाला बोलू? पण बरीचशी त्या तापल्या कातळावर हिरवी उभी होती. तो सगळीकडे फिरला, पानं चाचपली.

"मग बाबा, मुंबईचं काय करायचं?"

"तूच ये की हिकडं," बाबा म्हणाले.

मी हसले. महिपत हसला नाही. वरच्या अंगाला अजून किती कलमं बसतील, ते विचारू लागला.