दुधाची बाटली

मिसाओच्या सासरी 'दुधाची बाटली' म्हणजे थाप. तळ्यात हातभर लांबीचा मासा धरला असं कुणी म्हणालं, की पंगतीतून आवाज यायचा, "झाली का दुधाची बाटली?" मुलं हा शब्द ऐकतच मोठी झाली. तो आपल्या आईवरून पडलाय, हे त्यांना बरंच उशिरा कळलं.

मूळ गोष्ट तशी लहान होती. मिसाओ सहा वर्षांची असताना तिचे वडील बोगद्याच्या कामावर उत्तरेला, मियाकोच्या किनाऱ्यावर गेले होते. एका उन्हाळ्यापुरतं बायकोमुलीलाही त्यांनी तिकडे नेलं. एके दुपारी शेजारची कोळीण काचेची दुधाची बाटली घेऊन आली. बाटलीत दूध नव्हतं, उनी होती. उनी म्हणजे समुद्राच्या तळाशी राहणारा काळा काटेरी गोळ्यासारखा जीव फोडला की आत निघणाऱ्या पाच पिवळ्या जिभा. समुद्राच्या पाण्यात बुडवून बाटली गळ्यापर्यंत भरलेली. मिसाओनं गरम भातावर ती खाल्ली, आणि तसं गोड पुन्हा कधीच तोंडात पडलं नाही.

लग्न होऊन ती सुवाला आली. सुवाच्या चहूबाजूंना डोंगर, समुद्र पाहायचा तर दिवस मोडायचा. पहिल्याच वर्षी तिनं ही गोष्ट, 'दुधासारखी गोड' म्हणत, हौसेनं सांगितली. थोरली नणंद योशिए हसून म्हणाली, "उनी आणि गोड? आणि ती दुधाच्या बाटलीत? अगं, सहा वर्षांची होतीस. दूधच प्यायली असशील."

ते खरं करून दाखवायला मिसाओनं नवीन वर्षाला दुकानातून उनी आणली. लाकडाच्या पातळ डबीत ओळीनं मांडलेली, दिसायला देखणी. सगळ्यांनी एकेक घास घेतला आणि सगळ्यांची तोंडं एकदम वाकडी झाली. कडू, तुरट, जिभेला ओढून धरणारी. त्या दिवसापासून शब्द पक्का झाला.

योशिएच्या हसण्याची मिसाओला सवय झाली. तिला लागायचं ते नवऱ्याचं वागणं. तेइजी घड्याळाचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात तपासनीस होता. केसाच्या दहाव्या हिश्श्याइतका फरक पकडायचा आणि मोजल्याशिवाय कशावरही शिक्का मारायचा नाही. तो कधी हसला नाही. पण कधी बाजूही घेतली नाही. "पुरावा नाही," एवढंच म्हणायचा. चोवीस वर्षं.

एकोणीसशे शहाण्णवच्या जुलैत कारखान्यानं तेइजीला पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल आठ दिवसांची रजा दिली. उत्तरेतली देवळं, गरम पाण्याचे झरे असा बेत ठरला. योशिए विधवा, घरात एकटी, म्हणून तीही निघाली. मिसाओनं एकच मागितलं. एक सकाळ मियाकोच्या मासळी बाजारात.

"बाटली शोधायला?" गाडीत योशिएनं विचारलं. समोरच्या बाकावरची दोन माणसं वळून पाहायला लागली.

मिसाओचे कान तापले. "हो, शोधायला. नाही मिळाली तर ही गोष्ट जन्मात पुन्हा माझ्या तोंडून निघायची नाही. आणि मिळाली तर वन्सं, तुम्ही ती खायची, आणि जिभेला लागेल तेच बोलायचं."

"बोलायला मी कधी कमी पडलेय?" योशिए म्हणाली.

तेइजीनं खिशातली छोटी वही काढून काहीतरी टिपलं आणि परत ठेवली.

*

सकाळी आठला ते बाजारात शिरले. परतीची गाडी दुपारी दीडची. तिच्यानंतरची धरली तर पुढच्या मुक्कामाची खोली हातची जाणार होती.

बाजार ऐन रंगात होता. बर्फावर स्क्विड इतके ताजे, की बोट लावलं तर कातडीवरचे तांबडे ठिपके आकसायचे आणि पुन्हा पसरायचे. तेइजी तिथंच अडकला, चार वेळा बोट लावून पाहिलं. विकणारा म्हणाला, "काका, गुदगुल्या करायच्या तर आधी विकत घ्या."

मिसाओचं लक्ष फक्त उनीवर. तिसऱ्या रांगेत ती दिसली, पण लाकडी डबीतली. सुवाला मिळायची तश्शीच. योशिएनं विक्रेतीकडून एक तुकडा चाखायला मागितला, तोंडात टाकला आणि वाकड्या तोंडानं मिसाओकडे पाहिलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

विक्रेती साठीची, बुटकी, रबरी बूट घातलेली बाई होती. तोमे तिचं नाव. तिनं योशिएचा चेहरा पाहिला आणि म्हणाली, "तो माल गावाबाहेर जाणारा आहे, बाई. आम्ही नाही खात तो."

"तुमच्याकडे बाटलीतली असते का?" मिसाओनं विचारलं. आवाज तिलाच अनोळखी वाटला. "दुधाच्या बाटलीतली?"

"दुधाच्याच बाटलीतली असते. आणखी कशात ठेवणार?" तोमे म्हणाली.

मिसाओनं टेबलाची कड धरली. योशिए म्हणाली, "मग दाखवा."

"आत्ता नाही. तीन दिवस समुद्र खवळलेला. रोज पहाटे पाचला भोंग्यावर सांगतात, आज उनी काढायची की नाही. न सांगता कुणी एक जरी काढली तरी त्याची पुढची पाळी जाते. काल नाही, परवा नाही. आज सांगितलंय, म्हणजे बोटी आत्ता पाण्यात आहेत. त्या येणार, मग घरोघरी बायका गोळे फोडणार, चिमट्यानं एकेक कण काढून साफ करणार, बाटल्या भरणार. बारा वाजतील. एकही वाजेल."

"आमची गाडी दीडची," तेइजी म्हणाला.

"गाडीचं काय, रोजच जाते," तोमे म्हणाली.

"म्हणजे बाटली आहे, पण बघायला मिळत नाही," योशिए म्हणाली. "देव कुठं राहतो विचारलं की भटजी अस्संच सांगतो."

थांबायचं ठरलं. थांबायचं तर खायचं. त्यांनी शेगडीवर भाजलेले शिंपले खाल्ले, शिंपल्यातच उकळलेलं त्यांचं पाणी फुंकर मारमारून प्यायले. स्क्विडच्या काचेसारख्या पट्ट्या खाल्ल्या. होया नावाचा अननसासारखा गाठीगाठींचा, नारिंगी समुद्री जीव फक्त तेइजीनं खाल्ला. विकणाऱ्यानं त्याला वर साधं पाणी प्यायला लावलं. तेइजीनं घोट घेतला, पेला खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"पाणी गोड लागतंय."

"होया खाल्ला की लागतंच," विकणारा म्हणाला.

तेइजी गंभीर झाला. "म्हणजे जीभ फसू शकते. मिसाओ, बाटली आली तर आधी सगळ्यांनी चहानं चुळा भरायच्या आणि दहा मिनिटं काही खायचं नाही. नाहीतर मोजमाप धरता येणार नाही."

मिसाओला हसू आलं आणि रागही. पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. 'आली तर' म्हणाला होता. चोवीस वर्षांत पहिल्यांदा तो मोजायला तयार झाला होता.

बारा वाजले. साडेबारा वाजले. मिसाओ दाराशी उभी राहिली. सहा वर्षांची असताना पाहिलेल्या त्या बाईचा चेहरा ती आठवत होती, पण आठवत होते फक्त हात, ओले, मिठानं चिरलेले. आपण खरंच दूधच प्यायलो होतो का? हा प्रश्न दुसऱ्यांनी इतक्यांदा विचारला होता, की आता तो तिच्या स्वतःच्या आवाजात यायला लागला होता.

बारा चाळीसला एक छोटी पांढरी गाडी मागे घेत दाराशी लागली. एका म्हाताऱ्यानं मागचं झाकण उघडलं. आत दूधवाल्याचे असतात तसले कप्प्याकप्प्यांचे क्रेट होते, आणि त्यांत उभ्या काचेच्या बाटल्या, खच्चून भरलेल्या, पिवळ्या. पाणी आत हललं तशा त्या जिभा एकमेकींवर सावकाश सरकल्या.

मिसाओनं वळून फक्त हात वर केला. बाजाराच्या त्या टोकाला तेइजीनं तो पाहिला आणि पन्नाशी गाठत आलेला तो माणूस मासळीच्या पाण्यातून चक्क धावत आला.

बाटली हातात घेऊन त्यानं ती दिव्यासमोर धरली. फिरवली. काचेत उठावदार अक्षरं होती. त्यानं मोठ्यानं वाचली. "दूध. एकशे ऐंशी मिली." मग वही काढून लिहिलं.

"बाटली मान्य," योशिए म्हणाली. "आता गोड." आणि कुणी काही म्हणायच्या आत तिनं बाटली उघडली, तोमेच्या चाळणीत रिकामी केली आणि कोपऱ्यातल्या नळाखाली धरली. योशिएच्या हाती आलेली वस्तू धुतल्याशिवाय कधी ताटात गेली नव्हती. समुद्राचं पाणी, त्यात काय काय असेल.

"नळ नको," तोमे ओरडली आणि बूट आपटत धावली. तिनं योशिएचं मनगट धरून ओढलं.

धार जेमतेम क्षणभर पडली होती. पण कडेचे तीनचार तुकडे डोळ्यांदेखत सैल झाले, विरघळले आणि चाळणीतून पिवळं पाणी होऊन खाली गेले. योशिए चाळणीकडे बघतच राहिली. "मी तर फक्त धुत होते."

"डोंगरातल्या ना तुम्ही," तोमे म्हणाली. "गोड्या पाण्यात ती फुटते. खारट पाण्यातच एकसंध राहते."

तेइजी खाली वाकला होता. "आत मीठ, बाहेर गोडं पाणी," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "पाणी आत घुसत राहतं आणि पेशी फुटतात. मग सुवापर्यंत ती डबीतली येते कशी? अख्खी?"

"तुरटीत बुडवून," तोमे म्हणाली. "तुरटीच्या पाण्यात घातली की आवळून बसते. दिसते छान, टिकते. कडू होते, पण घेणाऱ्याला कुठं माहीत असतं चव काय ती."

योशिएनं मान वर केली. दर उन्हाळ्यात वांग्याचं लोणचं घालताना रंग टिकावा म्हणून ती चिमूटभर तुरटी घालायची. जास्त पडली तर काय होतं, हे तिच्या जिभेला चाळीस वर्षं ठाऊक होतं. सकाळचा तो तुकडा तिनं मनातल्या मनात पुन्हा चावला.

"तुरटी," ती म्हणाली. "अरे देवा. माझ्याच वांग्यांतली तुरटी. आणि मी ती ओळखली नाही."

तोमेनं उरलेली उनी तीन वाट्या गरम भातावर पसरली. वर काही नाही. सोयसॉसची बाटली तिनं मुद्दाम मागे सरकवली. सगळ्यांनी चहानं चुळा भरल्या. दहा मिनिटांना वेळ नव्हता. तेइजीनं घड्याळ पाहिलं आणि तीन मिनिटांवर तडजोड केली.

पहिला घास योशिएचा. तसं ठरलंच होतं. मिसाओनं स्वतःच्या जेवणाच्या काड्या उचलल्याही नाहीत. योशिएनं घास तोंडात घेतला आणि थांबली. चावायचं काही नव्हतं, तो आपोआप पसरत गेला. तिनं दुसरा घेतला. मग तिसरा.

"वन्सं," मिसाओ म्हणाली. "जिभेला लागेल तेच."

"तू म्हणायचीस दुधासारखी गोड," योशिए म्हणाली. "तसं काही नाही."

मिसाओनं काड्या आणखी लांब सरकवल्या.

"दूध इतकं गोड असतं का कुठं," योशिए म्हणाली आणि वाटीत तोंड घातलं.

तोमे हसायला लागली. मिसाओनं काड्या उचलल्या. पहिल्या घासाबरोबर सगळं जागच्या जागी आलं. आधी जरासं मीठ, मग तो गोडवा, आणि घास गेल्यावरही राहणारी समुद्राची मागची चव, जी ती इतक्या वर्षांत सांगायचीच विसरून गेली होती. त्या बाईचा चेहरा तरीही आठवला नाही. पण ती होती. तिनं बाटली आणली होती.

तेइजीनं वाटी संपवली, तळाचा एक दाणाही ठेवला नाही. मग वही काढली, लिहिलं आणि मिसाओसमोर धरली. 'चव: गोड. तुरट: नाही. कडू: नाही.' खाली त्यानं आपला शिक्का उमटवला होता. तपासनीसाचा तो छोटा शिक्का तो सुट्टीतही खिशात बाळगायचा.

"चोवीस वर्षं पुरावा मागत राहिलो," तो म्हणाला. "शोधायला एकदाही निघालो नाही. ती चूक माझी आहे. तुझी नव्हती."

मिसाओनं वही मिटून आपल्या पिशवीत टाकली. "ही आता माझ्याकडे राहील," ती म्हणाली.

निघताना योशिएनं रिकामी बाटली मागितली. तोमेनं मान हलवली. "बाटल्या परत जातात, बाई. उद्या भरायच्यात."

दीडची गाडी त्यांनी धावत पकडली. योशिएला दम लागला होता, तरी बोलणं थांबेना.

*

मोरिओकाहून दक्षिणेला निघालेल्या जलद गाडीत योशिएशेजारी नागोयाचा एक गृहस्थ बसला होता. इकडच्या तिकडच्या गप्पा निघाल्या. मियाकोला काय खाल्लं, त्यानं विचारलं.

"उनी," योशिए म्हणाली. "अशी गोड, की काय सांगू. आणि ती तिथं दुधाच्या बाटलीत मिळते."

"दुधाच्या बाटलीत?" गृहस्थ हसला. मिसाओ ते हसू ओळखत होती. मान जराशी तिरपी, डोळे मिचकावलेले. "आणि गोड? ताई, मी उनी खाल्लीय. कडू असते."

"अहो, मी स्वतः खाल्ली. आज. दुपारी."

"बरं, बरं," तो म्हणाला.

योशिएचा चेहरा लाल झाला. तिनं आजूबाजूला पाहिलं, हातात दाखवायला काहीच नव्हतं. मग ती मिसाओकडे वळली. "मिसाओ, तू सांग ग यांना. मला नाही जमत, तुला येतं सांगता. पहिल्यापासून सांग."

मिसाओनं घाई केली नाही. पिशवीतली वही काढून मांडीवर ठेवली. एका बाजूला नणंद, एका बाजूला नवरा, दोघंही मान डोलवायला तयार बसलेले.

"मी सहा वर्षांची होते," तिनं सुरुवात केली.